दुसरी चूल

सास्तूर
२ डिसेंबर २०२५

भाऊजींना महादेवीचा शरणार्थ.

तुमचं पत्र पोचलं. टाइप केलेलं, मंचाच्या कागदावर, वर मराठवाड्याचा नकाशा आणि खाली तुमची सही. 'आदरणीय ग्रामस्थ' असा मायना बघून आधी वाटलं, ग्रामपंचायतीचं पाकीट चुकून आमच्याकडं टाकलं. मग तळाशी पेनानं लिहिलेल्या दोन ओळी दिसल्या. 'वहिनी, मुलींची सोय बघावी. किल्ली सोबत.' अप्पांना, तुमच्या वडलांना, माती दिली त्यानंतर तुमच्या हातचं घरात आलेलं हे पहिलंच. अक्षर अजून चांगलं आहे तुमचं.

फोनच करणार होते. पण माझ्या फोनला तुमचा फोन कायम व्यस्त सांगतो, आणि तो बरीच वर्षं झाली व्यस्तच आहे. आमचा बसवेश पुण्याहून आला होता, तो म्हणाला, आई, त्याला ब्लॉक करणं म्हणतात. टपाल ब्लॉक होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मला समजलं ते असं: मराठवाड्याचं वेगळं राज्य व्हावं का, हे तुमचा मंच गावोगाव लोकांना विचारणार. आपल्या तालुक्यात सास्तूरची निवड झाली. दोन मुली येतील, तुमच्या बंद घरात राहतील, घरोघर जातील आणि वेळ अमावस्येच्या दिवशी काम आटोपतील. वेळ अमावस्येला सास्तुरात काम ठेवणारा माणूस सास्तूरचाच आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा सापडत नाही, सगळी शेतात जेवायला असतात. एवढ्या वर्षांत विसरला असाल.

आमच्या ह्यांना, तुमच्या अण्णांना, पत्र वाचून दाखवलं. त्यांनी किल्ली हातात घेऊन बघितली, परत ठेवली आणि चपला घालून शेतात गेले. तुमचा विषय निघाला की तुमच्या अण्णांना शेतात काम निघतं. त्यामुळं यंदा तूर चांगली आली आहे.

अव्वांनी लेकाची किल्ली लगेच ओळखली. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, आणि किल्ली मात्र बोटांनी चाचपून म्हणाल्या, "ही शरणूच्या घराची. शरणू येनार व्हय?" मी म्हटलं, दोन पोरी येणार आहेत, पाहणीला. मग म्हणाल्या, "त्या घरात अजून दूध उतू गेलं न्हाय."

त्यांचं मागणं जुनंच आहे, तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही यावं, त्या घराचं दार तुम्ही उघडावं, दूध तापवून उतू घालावं आणि त्यांना तिथं तुमच्या हातचे चार घास मिळावेत. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई राज्य मागत नाही, तुम्हाला मागते. पाहणीच्या निमित्तानं तरी या. मुलींची सोय मी बघीन, त्याची फिकीर करू नका.

महादेवी


सास्तूर
९ डिसेंबर

भाऊजी,

मुली आल्या. लातूरची निकिता आणि तिच्याबरोबर परभणीची एक. तुम्ही आला नाहीत. निकिता म्हणाली, "सरांना संभाजीनगरातून सगळीकडं लक्ष द्यावं लागतं." मी म्हटलं, व्हय बाई, आमचे भाऊजी लांबूनच लक्ष देतात.

तुमचं घर झाडून काढलं. आत एक बाज, एक पत्र्याची पेटी आणि भिंतीला जाऊबाईंनी लावलेलं एक कॅलेंडर, त्याचं साल आता वाचता येत नाही. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात धुराचा एक डाग नाही. पोरींनी शेगडी आणली आहे, तिच्यावर चहा करतात. अव्वा उंबऱ्यापर्यंत जाऊन आल्या, आत पाय ठेवला नाही. "ज्याचं घर त्यानं बोलवावं," म्हणाल्या.

आता तुमच्या मतचाचणीचं सांगते. पोरी गुणाच्या आहेत, पण गाव त्यांना पुरून उरलं. तुम्हाला कळायला हवं होतं. आपल्या गावात भूकंपानंतर इतक्या पाहण्या झाल्या की गाव पाहणीत तरबेज झालंय. दिल्लीचे आले, परदेशातले आले, कुणी घर मोजलं, कुणी दुःख मोजलं. त्यातून गावानं एकच गोष्ट ध्यानात ठेवली: पाहणी आली की काहीतरी मिळतं, आणि मिळतं ते चुलीमागं. जितक्या चुली, तितकी घरं.

त्यामुळं हातात फायली घेतलेल्या दोन पोरी एसटीतून उतरल्या, हे कळायचा अवकाश, सकाळपर्यंत आपल्या आळीत चुली वाढल्या. ज्ञानोबाची तिन्ही पोरं काल एका ताटात जेवत होती, आज ओसरीवर तीन शेगड्या. कडूबाईची सून अंगणात विटा मांडून बसली, सासू शेजारी बसून सांगतेय, "आमचं काय बाय जमत न्हाय, आमी येगळ्या." आणि दोघी एकाच तांब्यातलं पाणी पितायत. निकितानं कडूबाईला विचारलं, मराठवाड्याचं वेगळं राज्य व्हावं असं वाटतं का? कडूबाई म्हणाली, "व्हय म्हनलं तर घर कुठं देनार? इथंच का लोहाऱ्याला?"

बिचारी निकिता. तिनं समजावून सांगितलं, आजी, घराचा काही संबंध नाही, तुमचं मत हवंय. कडूबाईनं मान डोलावली आणि पोरगी वळल्यावर सुनेला म्हणाली, "आदी समदे असंच म्हनत्यात."

पण सगळेच असे नव्हते, तेही लिहिते, नाहीतर म्हणाल वहिनीनं थट्टाच केली. तुमचं शेत बटईनं, पिकाच्या वाट्यावर, करणारा गोरोबा चांगलं बोलला. म्हणाला, "आमच्या आज्यानं निजामाला धान्य भरलं, तवा कागद हैदराबादला जायचा. आता मुंबईला जातोय. कागद लांब गेला की त्यो परत यायचा न्हाय, ह्ये आमाला ठाव हाय. जवळ कचेरी असंल तर तिच्या दारात बसता तरी येतंय." आणि आमचा बसवेश फोनवरून म्हणाला, "वेगळं करा नाहीतर एकत्र ठेवा, मी काय परत येत नाही." निकिताला त्याचं मत धरता आलं नाही, तो पुण्यात राहतो.

माझंही विचारलं. मी 'हो' म्हणाले. आश्चर्य वाटलं ना? आमच्या पाण्याचं, आमच्या शाळेचं ठरवणारी माणसं एका दिवसात जाऊन यायला जमेल अशा ठिकाणी बसलेली असावीत, एवढंच मला कळतं. तुमचं म्हणणं मला पटतं, भाऊजी. मला पटत नाही ते तुम्ही.

महादेवी


सास्तूर
१४ डिसेंबर

भाऊजी,

काल निकिताचा फोन चालू असताना मी तिथंच भाकरी घेऊन गेले होते. तुमचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. यादीत घरं होती त्यापेक्षा कुटुंबं जास्त निघाली, सगळी टक्केवारी बिघडली, आणि हे "तिथल्या कुणीतरी" गावाला शिकवलं असणार, असं तुम्ही म्हणालात. पोरगी माझ्याकडं बघून ओशाळली. 'कुणीतरी' म्हणजे मी, हे तिलाही कळलं.

मग ऐकाच, गावाला हे कुणी शिकवलं.

भूकंपानंतर आपण पत्र्याच्या शेडमध्ये होतो. मला सासरी येऊन थोडे दिवस झालेले, जाऊबाई तर त्याच उन्हाळ्यात आलेल्या. घरं देण्यासाठी कुटुंबं मोजायला साहेब येणार असा निरोप आला. अप्पा म्हणाले, आपण एक आहोत, एकच सांगायचं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "कागदापुरतं हाय अप्पा. सायब गेला की दगडं फेकून देऊ." तीन दगड तुम्हीच आणलेत, शेडच्या मागं मांडलेत, पऱ्हाट्या पेटवून त्यांना काळं केलंत, वर रिकामं भगुनं ठेवलंत. अप्पा उठून बाहेर गेले. त्या चुलीवर कधी काही शिजलं नाही. साहेबानं अव्वांना विचारलं, हे दोघं वेगळे राहतात का? अव्वा जन्मात खोटं बोललेल्या नाहीत. तुम्ही शेजारी उभे राहून त्यांचा हात दाबलात. त्या म्हणाल्या, "व्हय."

तुमच्या मंचानं आज लोकांना विचारलं. अव्वांना एकदाच विचारलं होतं, आणि उत्तर तुमचं होतं.

साहेब गेल्यावर अव्वा दगड फेकायला निघाल्या, तर तुम्ही म्हणालात, यादी लागेपर्यंत राहू द्या. मग म्हणालात, घर बांधून होईपर्यंत. घर झालं, आणि तुम्ही त्याला कुलूप लावून नोकरीला गेलात. मग जमिनीची वाटणी निघाली, तेव्हा तोच कागद पुढं केलात, की आम्ही त्या वेळेपासूनच वेगळे. भावकी बसली. बांध घातले. विहिरीची पाळी ठरली, एक दिवस तुमचा, एक दिवस आमचा. अप्पा-अव्वांची पाळीही त्याच बैठकीत ठरली, सहा महिने तुमच्याकडं, सहा महिने आमच्याकडं. विहिरीची पाळी गोरोबाच्या हातून तुम्ही एकदाही चुकवली नाहीत.

अव्वांची तुमची पाळी अजून सुरू व्हायची आहे.

अप्पांना माती दिली त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमच्या पाळीचं विचारलं, ते तुम्हाला लागलं. तुम्ही म्हणालात, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी म्हटलं, मग इथं तुमचं घर आहे, सुट्टीला येऊन राहा, अव्वा पलीकडं येतील. तर म्हणालात, "वहिनी, हा आमच्या घरचा प्रश्न आहे. तुम्ही बाहेरच्या." बाहेरची म्हणून मी त्यांचं अंथरूण काढते, केस विंचरते, रात्री दोनदा उठवून बाहेर नेते. घरचे संभाजीनगरला असतात. हे वाक्य मी विसरेन असं तुम्हाला वाटलं असेल, तर माणसाची पारख तुमच्या चाचणीला जमणार नाही.

गावात खोट्या चुली मांडल्या म्हणून पोरींवर ओरडू नका. ती विद्या आपल्याच घरची आहे.

शुक्रवारी वेळ अमावस्या. अजूनही वेळ गेलेली नाही. या.

महादेवी


सास्तूर
२१ डिसेंबर

भाऊजी,

परवा जे झालं ते निकितानं फोनवर सांगितलंच असेल. पण ती पोरगी भिडस्त आहे, अर्धंच सांगेल. म्हणून सगळं लिहिते.

वेळ अमावस्येला पहाटे उठून भज्जी केली, उंडे केले, आंबिलीचं मडकं भरलं. पोरींनी हिंडून बघितलं तर दारं बंद, गाव ओस. तुम्ही ठरवलेला शेवटचा दिवस. मी म्हटलं, चला शेतात, लोक तिथं सापडतील. गाडी जुंपली आणि अव्वांना उठवायला गेले, तर म्हणाल्या, "म्या न्हाय येत. पाय दुखत्यात. तुमी जा." आजवर त्यांनी हा सण चुकवला नव्हता. तुमचे अण्णा थांबतो म्हणाले, त्यांनाही हाकललं. पोरींनी तुमच्या घराची किल्ली अव्वांकडं दिली, आजी आहेत तर कुलूप कशाला म्हणून.

शेतात पोरींचं काम चांगलं झालं. कडब्याच्या खोपीपुढं लोक पंगतीनं बसलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतायत. आंबील प्यायल्यावर कुणाला विचारलं तरी "व्हय" च म्हणत होते. निकिता म्हणाली, मावशी, हे खरं धरायचं का? मी म्हटलं, सरांना विचार. घरी आलेल्या पाहुण्याला आपल्याकडं 'नाही' म्हणत नाहीत, हे तुमच्या सरांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे.

परत आलो तेव्हा दिवस कलला होता. तुमच्या अंगणातून धूर येत होता. मला वाटलं आग लागली, मी धावले.

कुंपणाच्या पडक्या भिंतीचे तीन दगड ओढून अव्वांनी चूल मांडली होती. कसे ओढले, कुणास ठाऊक, नखं फुटली होती. वर माझंच पातेलं, त्यात दूध. दूध उतू जाऊन दगडांवरून खाली आलं होतं आणि करपल्याचा वास सगळीकडं. अव्वा चुलीपुढं पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचं अंथरूण, त्यांची काठी, विभूतीची डबी, सगळं आत नेऊन ठेवलेलं. घर रिकामं करून गेल्यासारखं एक एक करून आणलं होतं.

मी म्हटलं, "अव्वा, ह्ये काय केलं? चला घरी."

त्या म्हणाल्या, "ह्येच माजं घर. तुजी पाळी सरली बाय. लई केलंस. आता शरणूची पाळी."

"भाऊजी आलेत कुठं?"

"त्यो न्हाय आला तर म्याच आले. पाळी त्याची, घर त्याचं. त्यानं यायचं का न्हाय ती त्याची मर्जी."

मी भाकरी नेली, घेतली नाही. म्हणाल्या, दुसऱ्या चुलीचं या चुलीवर चालत नाही. काल गोरोबाला बोलावून सांगितलं, शरणूच्या वाट्याची ज्वारी शरणूच्या घरात टाक. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगू, मी बाहेरची. त्यानं पोती आणून टाकली. ज्वारी पुढच्या वर्षी तुमच्याकडं कमी आली तर कुठं गेली ते विचारू नका.

भाऊजी, मला जे वाटलं ते सांगते, त्यात लपवण्यासारखं काही उरलं नाही. मला आनंद झाला नाही. तुमची कशी जिरली असंही वाटलं नाही. मला रडू आलं, रागानं आलं. एवढी वर्षं ज्या हातानं मी त्यांना न्हाऊ घातलं, त्या हातची भाकरी त्यांनी परत केली. एवढं करून त्यांना माझं घर हे फक्त माझी पाळी होती. तुम्ही काहीच केलं नाहीत, आणि तुमच्या घरात जायला म्हातारी दगड ओढत गेली. आता सांगा, बाहेरचं कोण ठरलं?

आता चाचणीचं. दुसऱ्या दिवशी सकाळी निकिता निघायच्या आधी त्यांच्यापुढं बसली. म्हणाली, या घरातलं मत राहिलंय, आजींचं घेते. कुटुंबप्रमुख कोण, असं विचारल्यावर अव्वांनी पूर्ण नाव सांगितलं, "शिवशरण महालिंगप्पा." पोरीनं तुमचंच नाव तुमच्याच कागदावर लिहिलं. मग विचारलं, "आजी, मराठवाडा वेगळा व्हावा का?"

मी दारात उभी होते. अव्वा म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते.

"व्हऊ द्या की. खुशाल व्हऊ द्या. येगळं व्हायला माजी ना न्हाय. पन आदी सांगा, म्हातारी मानसं कुनाकडं? येगळं व्हतानी समदे वाटा सांगत्यात. पाळी कोन सांगत न्हाय. ती सांगा, मग म्या 'व्हय' म्हनते. एकदा न इचारता म्हनलं, तेवढं बास झालं."

पोरीनं पेन उचललं आणि तसंच धरून बसली. 'हो' लिहावं तर अट आहे, 'नाही' लिहावं तर त्या नाही म्हणाल्या नाहीत. तिनं तुम्हाला फोन लावला. आजी कोण, हे तिला एव्हाना माहीत होतं. तुम्हालाही होतं. अव्वांचं सगळं म्हणणं तिनं तुम्हाला वाचून दाखवलं. मग तुम्ही म्हणालात, "त्याला रकाना नाही. 'सांगता येत नाही' लिही."

अव्वांनी विचारलं, "शरणू व्हता व्हय त्याच्यात? काय म्हनला?"

मी म्हटलं, "काय न्हाय अव्वा. लिहून घेतलं म्हनला."

महादेवी


सास्तूर
११ जानेवारी २०२६

भाऊजी,

तुमचा अहवाल पेपरात आला. लोहाऱ्याहून येताना तुमच्या अण्णांनी आणला, घडी घालून खिशात. फोटोत तुम्ही माइकपुढं उभे आहात, केस बरेच पिकलेत. आपल्या तालुक्यात दहातली सात माणसं वेगळ्या राज्याच्या बाजूची निघाली. त्यातली किती खरी, किती आंबिलीची आणि किती कडूबाईच्या सुनेच्या विटांची, ते तुम्हीच जाणा. तरी मी म्हणते, खरी चाचणी घेतली असती तरी आकडा फार खाली आला नसता. लोक बेजार आहेत. तुम्हाला खोट्या चुली मोजायची गरजच नव्हती.

पण खाली तुमचं म्हणणं छापलंय, ते मी दोनदा वाचलं. 'सांगता येत नाही असं उत्तर देणाऱ्यांमध्ये वयस्क ग्रामीण महिलांचं प्रमाण मोठं असून, त्यांच्यात जागृतीची गरज आहे.' भाऊजी, त्यातली एक वयस्क ग्रामीण महिला पहाटे तुमच्या अंगणात उठून सडा टाकते. तिला सगळं सांगता येतं. तिनं सांगितलं, तुम्ही ऐकलंत आणि तुम्हीच ते तिथं ढकललंत. जागृती कुणात करायची ते ठरवा. मी अव्वांना ते वाक्य वाचून दाखवलं नाही. फोटो दाखवला. त्यांनी पेपर डोळ्यांजवळ धरला, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "वाळलाय."

आता तुमच्या नव्या पत्राचं. या वेळी टाइप केलेलं काहीच नव्हतं, पेनाच्या दोनच ओळी. 'घर वीरभद्रला विकण्याचं ठरलं आहे, ते रिकामं लागतं. अव्वांना तुमच्याकडे हलवावं, शेवटी आपण एकच कुटुंब आहोत.'

मी हसले. खरंच हसले, एकटीच, मोठ्यांदा. तुमच्या अण्णांनी विचारलं काय झालं, तर पत्र पुढं केलं. त्यांनी वाचलं. या खेपेला चपला घातल्या नाहीत. खाली बसले आणि म्हणाले, "एक कुटुंब म्हनतोय व्हय. बरं म्हनतोय." तुमचे अण्णा वाईट बोलत नाहीत कुणाबद्दल, म्हणून त्यांचं ते 'बरं' मला सोसत नाही.

आठ जिल्हे फिरून तुम्ही लोकांना सांगता की ज्याला वेगळं व्हायचं त्याला तो हक्क आहे, त्याचं त्यानं ठरवावं, लांबच्या माणसानं ठरवू नये. सगळं बरोबर. एका म्हातारीनं तो हक्क घेतला, स्वतःची चूल मांडली, स्वतःच्या वाट्याचं धान्य मागवलं, कुणाला तसदी दिली नाही. तर तुम्ही संभाजीनगरात बसून तिला हलवायचं ठरवता.

वीरभद्र येऊन गेला. टेप घेऊन आला होता, भिंत मोजायला. अव्वा दारात काठी आडवी धरून बसल्या. म्हणाल्या, "मोज की. पन घरात मानूस हाय, तेवढं ध्यानात ठेव." वीरभद्र आपल्यातलाच, अप्पांना मानणारा. त्यानं टेप गुंडाळली, अव्वांच्या पाया पडला आणि माझ्याकडं येऊन म्हणाला, "वैनी, शिवशरणअण्णानं मला घर रिकामं हाय म्हनून सांगितलं." मी म्हटलं, कागदावर रिकामंच आहे.

तुम्ही म्हणाल, वहिनी, तुम्ही समजवा. मी समजावणार नाही. त्यांना उचलून आणणारही नाही. त्या माझ्याकडं परत आल्या तर मी दार उघडीन, आणि मला ते हवंही आहे, तुम्हाला कळणार नाही इतकं हवं आहे. थंडी वाढली आहे. त्या घरात खिडकीला फळ्या नीट बसत नाहीत. मी पांघरूण नेते तर म्हणतात, ठेव तिथं, शरणू आल्यावर विचारते. दोन दिवसांपासून खोकला आहे. डॉक्टरला आणलं, त्यांनी औषध दिलं, ते मात्र घेतात, कारण डॉक्टर सरकारी, कुणाच्याच चुलीचा नाही.

तुम्ही यायचं ठरवलंत तर पत्र, फोन, काही नको. लोहाऱ्यात उतरून जीपनं या, कुणीही घर दाखवेल. तुम्ही नाही आलात तर घर विकण्याचा कागद करायला तरी यावंच लागेल, आणि त्या दिवशी त्या दारात असतील किंवा नसतील, ते मला सांगता येत नाही. हा रकाना तुमच्याकडं आहे.

एवढी वर्षं त्या आणि मी एका छपराखाली राहिलो. रात्री त्यांनी कूस बदलली तरी मला जाग यायची. आता मला अंगण ओलांडून जावं लागतं आणि दार वाजवावं लागतं. आतून काठीचा आवाज येतो, मग त्या विचारतात, "कोन हाय? शरणू आला का?"

मी म्हणते, "न्हाय अव्वा. म्या हाय."

मग जरा वेळानं कडी निघते.

महादेवी